आठशे अंशांत टिकणारी चकती

अकोल्याच्या जठारपेठेतल्या दंतवैद्याकडे दाढेवर कॅप बसवायला गेलेल्या माणसासमोर हल्ली तीन-चार पर्याय ठेवले जातात. त्यातला महागातला पर्याय असतो झिरकोनियाचा, म्हणजे झिरकोनियम धातूच्या ऑक्साइडचा. पांढरा, दातासारखाच दिसणारा आणि फुटाणे खाल्ले तरी न तडकणारा. त्याच दवाखान्याबाहेर लावलेल्या बीएस-६ स्कूटरच्या सायलेन्सरच्या नळीतही बहुधा हाच पदार्थ असतो. इंजिनातून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे सांगणाऱ्या सेन्सरच्या टोकाला झिरकोनियाचं छोटं टोपण असतं. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका विजेचा दाब. तो एका व्होल्टच्या आतच असतो, पण तेवढ्यावरून गाडीतला छोटा संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत पहिल्यांदा बसला. एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ नियम लागू झाले आणि तो आपल्याकडच्या बहुतेक दुचाक्यांपर्यंत पोचला.

आता त्या टोपणाऐवजी चपटी चकती घ्यायची. एका अंगाने हवा, दुसऱ्या अंगाने जळाऊ वायू सोडायचा, सगळं सातशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं आणि तयार होणारी वीज नुसती मोजण्याऐवजी तारेने बाहेर काढून वापरायची. हा झाला घन ऑक्साइड इंधनघट. या धंद्यातले लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एसओएफसी म्हणतात.

इंधनघट म्हटलं की वाचकाला पुण्यातली हायड्रोजनवरची बस आठवेल. केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी मिळून केलेली ती बस ऑगस्ट २०२२ मध्ये लोकांपुढे आली. तो घट वेगळ्या जातीचा. त्याच्या पोटात प्लास्टिकसारखा पातळ पडदा असतो, तो सत्तर-ऐंशी अंशांवर चालतो, त्याला प्लॅटिनम लागतं आणि हायड्रोजनही अगदी शुद्ध लागतो. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अंश आला तरी तो आजारी पडतो. घन ऑक्साइडच्या घटाचे नखरे दुसरे. त्याला प्लॅटिनम नको, निकेल चालतं. कार्बन मोनॉक्साइड तर त्याचं खाद्यच आहे. नैसर्गिक वायू, गोबरगॅस, लाकूड अर्धवट जाळून मिळणारा वायू, सगळ्यावर तो चालू शकतो. मागतो ती फक्त उष्णता, आणि ती सोसतील असे पदार्थ. म्हणून या घटाची कहाणी विजेपेक्षा भट्टीची आणि भुकटीची जास्त आहे.

विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या वकिलाने १८३९ च्या सुमाराला हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवून दाखवली. तो प्रयोग आम्लात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांचा होता. तापलेल्या घन पदार्थातून वीज वाहते हे पुढे आणलं जर्मनीच्या वाल्थर नेर्न्स्टने, आणि तेही दिवा करताना. झिरकोनियात थोडी यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचं ऑक्साइड, मिसळून त्याने कांडी बनवली. थंड असताना ती वीज वाहू देत नसे. आधी तापवली की वाहू देई आणि लख्ख पेटे. १८९७ मध्ये नेर्न्स्टने तिचं पेटंट घेतलं आणि एईजी कंपनीने ते विकत घेतलं. पुढे टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले आणि नेर्न्स्टचा दिवा अडगळीत गेला. पण त्या कांडीची कृती वाया गेली नाही. १९३७ मध्ये झुरिकच्या एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी झिरकोनिया वापरूनच हजार अंशांवर पहिला घन ऑक्साइड घट चालवला. आज जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक घटांच्या मुळाशी नेर्न्स्टचंच मिश्रण आहे, प्रमाणं तेवढी बदलली आहेत.

यिट्रिया मिसळून होतं काय? नुसतं झिरकोनिया तापवलं की सुमारे ११७० अंशांवर त्याची अंतर्गत रचना बदलते. थंड होताना ती पुन्हा बदलते, आकारमान काही टक्क्यांनी वाढतं आणि वस्तू तडकते. यिट्रिया त्याला एकाच रचनेत धरून ठेवतं. दाताच्या कॅपमध्ये म्हणूनच रेणूंच्या हिशेबात साधारण तीन टक्के यिट्रिया असतं. तिथे मजबुती हवी. घटात ते आठ टक्क्यांच्या आसपास नेतात, कारण तिथे दुसरंच काम साधायचं असतं. झिरकोनियमचा प्रत्येक अणू दोन ऑक्सिजन बाळगतो, यिट्रियमचा अणू दीडच. त्यामुळे जिथे जिथे यिट्रियम शिरतं तिथे ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात. भरपूर उष्णता दिली की हवेच्या बाजूने आलेला ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन अंगावर घेऊन, या रिकाम्या जागांवरून उड्या मारत पलीकडे जातो. पलीकडे त्याला हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइड भेटतो, पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ते दोन इलेक्ट्रॉन मोकळे होतात. इलेक्ट्रॉनांना चकतीतून परत जाता येत नाही, त्यांना बाहेरच्या तारेनेच जावं लागतं. त्या तारेत पंखा बसवा की पिठाची गिरणी, तुमची मर्जी.

यात ज्वाला नाही, वाफेची चक्की नाही, फिरणारं जनित्रही नाही. कोळसा जाळून पाणी उकळायचं, वाफेने पाती फिरवायची आणि पात्यांनी जनित्र, या लांबच्या वाटेवर दर वळणाला काहीतरी सांडतं. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्या पिढीच्या संचांत कोळशातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. घन ऑक्साइड घट मात्र वायूतल्या ऊर्जेचा पन्नास ते साठ टक्के भाग थेट विजेत बदलतो, आणि उरलेली उष्णता इतकी कडक असते की तिच्यावर वाफ करता येते. तरीही नैसर्गिक वायू वापरला तर कार्बन डायऑक्साइड निघतोच, फक्त दर युनिटमागे कमी. काही कंपन्यांच्या जाहिराती वाचून हा घट म्हणजे निव्वळ शुद्ध हवा असं वाटतं, तसं नाही.

मग गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत हा घट घरोघर का गेला नाही? उत्तर चकतीच्या कडेला सापडतं. एका घटाचा दाब पाऊण व्होल्टच्या आसपास असतो. कामाची वीज हवी तर डझनावारी चकत्या एकावर एक रचाव्या लागतात आणि दर दोन चकत्यांमध्ये धातूचा पत्रा घालावा लागतो. एकीकडची हवा दुसरीकडच्या वायूत मिसळू नये आणि वीज मात्र पुढे जावी म्हणून. आता हिशेब करा. दहा सेंटीमीटरची झिरकोनियाची चकती आठशे अंशांनी तापवली की सुमारे ०.८४ मिलिमीटरने वाढते. भांड्यांसाठी वापरतात त्या स्टेनलेस स्टीलचा तेवढाच तुकडा जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतो. दोन्ही एकमेकांना चिकटवलेले असतील, तर संच सुरू करताना किंवा बंद करताना चकती फुटणारच. ती असतेच वहीच्या कागदाएवढी पातळ. म्हणून जर्मनीत युलिखच्या संशोधन केंद्राने पोलाद कंपनीच्या साथीने क्रोफर २२ नावाचं खास पोलाद घडवलं. त्याची वाढ ०.९६ मिलिमीटरच्या जवळपास बसते. ऑस्ट्रियाच्या प्लान्सी कंपनीने वेगळी वाट धरली: पंचाण्णव टक्के क्रोमियम, पाच टक्के लोखंड आणि किंचित यिट्रिया.

वाढीचा प्रश्न मिटला की क्रोमियमचा उभा राहतो. पोलाद गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घालतात. पण आठशे अंशांत, दमट हवेत, ते क्रोमियम वाफ होऊन उडतं आणि चकतीवर हवेच्या बाजूने दिलेल्या थरावर, म्हणजे हवेकडच्या इलेक्ट्रोडवर, जाऊन बसतं. ऑक्सिजन आत शिरायच्या जागा बंद होतात आणि घट हळूहळू मंदावतो. त्यावर उपाय म्हणून पत्र्यावर मँगनीज-कोबाल्टच्या ऑक्साइडचा लेप देतात. हवेकडचा इलेक्ट्रोड लँथनम, स्ट्राँशियम, कोबाल्ट आणि लोखंड यांच्या मिश्र ऑक्साइडचा केला तर वीज छान मिळते, पण ते मिश्रण झिरकोनियाशी भांडतं आणि दोघांच्या मध्ये विजेला अडवणारा थर साठतो. मग मध्ये सीरियाचा, म्हणजे सीरियम धातूच्या ऑक्साइडचा, पडदा घाला. इंधनाकडच्या बाजूला निकेल असतं. वायूत गंधकाचा दशलक्षात एक-दोन भाग एवढा माग जरी राहिला तरी ते सुस्तावतं. सगळ्या कडा काचेने सांधायच्या, आणि ती काचही अशी की तापल्यावर थोडी मऊ पडेल पण वाहणार नाही. प्रत्येक औषधाचा काहीतरी दुष्परिणाम, आणि त्यावर पुन्हा औषध.

म्हणूनच या क्षेत्रात पूर्ण यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांइतक्याच, कधी त्यांच्याहून टिकाऊ, अशा दुसऱ्या कंपन्या आहेत. त्या वीजसंच विकत नाहीत. त्या विकतात भुकट्या, शाई, लेप आणि चकत्या. अमेरिकेच्या ओहायो राज्यातली नेक्सेरिस हे त्याचं ठळक उदाहरण. १९९४ मध्ये नेक्सटेक मटेरियल्स या नावाने ती सुरू झाली. यिट्रिया घातलेलं झिरकोनिया, हवेकडच्या इलेक्ट्रोडची मिश्रणं, पत्र्यावर द्यायचा क्रोमियम-रोधक लेप, असा तिचा माल जगभरच्या प्रयोगशाळा आणि कारखाने मागवतात. एखाद्या विद्यापीठातल्या संशोधकाला वीस ग्रॅम भुकटी हवी असो की कारखान्याला किलोंनी, दोघांना दर वेळी तोच कण, तोच आकार, तीच शुद्धता मिळाली पाहिजे. धंदा त्यावर चालतो. याच कंपनीने वायू हुंगणाऱ्या पदार्थांचं ज्ञान वापरून लिथियम बॅटरीत आग लागायच्या आधी निघणारी वाफ ओळखणारा सेन्सर काढला आणि तो घटांपेक्षा जास्त गाजला. जर्मनी, जपान आणि तैवानमध्येही अशा कंपन्या आहेत. जपानच्या तोसोह कंपनीचं झिरकोनिया दंतवैद्यांनाही लागतं आणि घटवाल्यांनाही.

चकती बनते कशी, हे पाहिलं की किंमत का उतरत नाही ते कळतं. भुकटी, विरघळवणारं द्रव्य, चिकटवणारं द्रव्य आणि लवचीकपणा देणारं तेल यांचं दाट मिश्रण तासन्‌तास घोटतात, त्यातली हवा काढतात. सरकत्या पट्टीवर ते ओतून वरून धारदार पात्याने एकसारखा थर ओढतात. वाळल्यावर तो रबरासारखा सोलून निघतो. त्यातून हवे तेवढे तुकडे कापायचे, त्यावर कापडछपाईसारख्याच जाळीने इलेक्ट्रोडची शाई चढवायची आणि चौदाशे अंशांच्या भट्टीत भाजायचं. भाजताना तुकडा पाचव्या हिश्शाने आक्रसतो. सगळीकडून सारखा आक्रसला तर चकती, नाहीतर वाकडा तुकडा. एका चकतीत केसाहून बारीक भोक राहिलं तरी पूर्ण रचलेला संच निकामी. अशा उद्योगात पहिल्या वर्षी रद्दीत जाणारा माल विक्रीपेक्षा जास्त असेल तर नवल नाही.

पैसे घालून हात पोळलेल्यांची यादीही लांब आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेतून १९९२ मध्ये निघालेल्या सिरॅमिक फ्युएल सेल्स या मेलबर्नच्या कंपनीने कपड्यांच्या कपाटाहून लहान असा घरगुती संच केला. साठ टक्के कार्यक्षमतेचा तो संच जगात वाखाणला गेला, आणि २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सीमेन्सने नळीच्या आकाराच्या घटांवर अनेक वर्षं काम करून शेवटी हात झटकले. झिरकोनियाचा सेन्सर जगाला देणाऱ्या बॉशनेसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये घन ऑक्साइड घटांमधून माघार जाहीर केली. उलट बाजूला युलिखच्या प्रयोगशाळेत दोन घटांची एक छोटी रचना ऑगस्ट २००७ मध्ये सुरू करून जानेवारी २०१९ पर्यंत सातशे अंशांवर ठेवली होती. एक लाख तास ती चालली. पदार्थ टिकू शकतात हे त्याने सिद्ध झालं. परवडतात हे मात्र नाही.

परवडण्याच्या दिशेने सर्वांत पुढे गेली ती ब्लूम एनर्जी. तिचे संस्थापक के. आर. श्रीधर तिरुचिरापल्लीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठात नासासाठी मंगळावर ऑक्सिजन कसा तयार करता येईल यावर काम करत होते. मंगळाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर. चकतीला उलट वीज दिली की त्यातला ऑक्सिजन पलीकडे ओढला जातो. तो प्रकल्प थांबला आणि श्रीधर यांनी २००१ मध्ये तीच चकती सुलट चालवण्यासाठी कंपनी काढली. गुगलसारख्या ग्राहकांच्या आवारात तिचे संच लागले, २०१० मध्ये त्यांचा गाजावाजा झाला, २०१८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांना ग्रिडची जोडणी मिळायला वर्षं लागत असल्याने त्यांनी ब्लूमकडे रांग लावली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रुकफिल्ड या गुंतवणूक कंपनीने तिच्या संचांसाठी पाच अब्ज डॉलरपर्यंतच्या गुंतवणुकीचा करार केला. मंगळाचं काम दुसऱ्यांनी पूर्ण केलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीतल्या मॉक्सी या यंत्राने २० एप्रिल २०२१ रोजी ५.३७ ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला आणि २०२३ पर्यंत सोळा खेपांत एकूण १२२ ग्रॅम. त्यातही चकती झिरकोनियाचीच.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात अणुऊर्जेच्या अंगणात झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळांत घटाच्या कडा सांधणाऱ्या काचेवर काम झालं आणि वाशीतल्या धातुभुकटी विभागात नळीच्या आकाराचे घट बनवण्याचे प्रयोग झाले. अणुभट्टीसाठी भुकट्या दाबून भाजायची सवय ज्यांच्या हाताला आहे, त्यांना हे काम परकं नव्हतं. कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने तर चकतीपासून रचलेल्या संचापर्यंत बराच पल्ला गाठला. पण प्रयोगशाळेत एक चांगली चकती निघणं आणि कारखान्यात रोज हजार सारख्या चकत्या निघणं यांच्यातलं अंतर आपल्याकडे नेहमीच जास्त राहिलं आहे.

ते अंतर कापायचा धाडसी प्रयत्न पुण्याच्या एच-टू-ई पॉवर सिस्टिम्सने केला. सिद्धार्थ मयूर यांच्या या कंपनीने गेल्या दशकात ड्रेस्डेनच्या फ्राउनहोफर संस्थेच्या सिरॅमिक विभागाशी हात मिळवले. भारतीय घरं, दुकानं आणि छोटे उद्योग डिझेलच्या जनित्रावर जो पैसा जाळतात, तिथे घन ऑक्साइड घटाचा लहान संच बसवायचा, हा त्यामागचा विचार. जर्मन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घासून तयार केलेली, प्लान्सीच्या क्रोमियम पत्र्यांची रचना त्यासाठी निवडली गेली, आणि ती बनवण्यासाठी ड्रेस्डेनमध्येच एमपॉवर ही कंपनी उभी राहिली. भारतीय उद्योजकाने परदेशातलं तयार यंत्र आणून विकण्याऐवजी त्याच्या पोटातल्या चकतीच्या तंत्रापर्यंत जाणं, हे आपल्याकडे दुर्मीळ आहे. पुढे कंपनीचा भर हायड्रोजन तयार करणाऱ्या यंत्रांकडेही वळला. सगळ्या जगाचाच वळला.

पुण्याचीच थर्मॅक्स मात्र या विषयात दुसऱ्या दाराने आली. बॉयलर आणि वाया जाणारी उष्णता पकडणारी यंत्रं हा तिचा जुना धंदा. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने इंग्लंडच्या सीरीस पॉवरशी परवाना करार केला. सीरीस लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून २००१ मध्ये निघालेली कंपनी. तिने झिरकोनियाच्या चकतीऐवजी भोकं पाडलेल्या पोलादी पत्र्यावर सीरियाचा पातळ थर चढवायची युक्ती काढली, त्यामुळे घट सहाशे अंशांच्या आसपासही चालतो. थर्मॅक्सचा करार या घटाला उलट चालवून वाफेतून हायड्रोजन काढण्याच्या संचांसाठी आहे. पाण्याऐवजी वाफ फोडली की वीज कमी लागते. बंगळुरूत शेलच्या केंद्रात सीरीसचा एक मेगावॉटचा प्रात्यक्षिक संच २०२५ मध्ये सुरू झाला, त्यात एक किलो हायड्रोजनला सुमारे ३७ युनिट वीज लागल्याचं सांगितलं गेलं. नेहमीच्या यंत्रांना पन्नासच्या वर लागते. पोलाद आणि खत कारखान्यांत वाफ फुकट उपलब्ध असते, त्यामुळे थर्मॅक्सला हे गिऱ्हाईक ओळखीचं. मात्र पुण्यात घडेल ते चकत्यांभोवतीचं घर: नळ्या, उष्णता अदलाबदल करणारी यंत्रं, नियंत्रण. खुद्द घट सीरीसच्या दक्षिण कोरिया किंवा तैवानसारख्या ठिकाणच्या भागीदारांकडून यायचे. नफा कुठे राहतो हे पाहायचं तर ही रेघ लक्षात ठेवावी लागेल.

चकतीच्याही मागे गेलं तर माती लागते. झिरकोनियम येतं झिरकॉनच्या वाळूतून, आणि ती वाळू भारतात आहे: केरळात चवरा, तमिळनाडूत मणवलकुरिची, ओडिशात छत्रपूर. इंडियन रेअर अर्थ्स, म्हणजे आताची आयआरईएल, ही वाळू वर्षानुवर्षं उपसते आहे. अडचण आहे ती मिसळायच्या चिमटीची. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्या यादीत यिट्रियम आहे, ज्यावर जुने घट उभे आहेत. स्कँडियम आहे, ज्याच्यामुळे झिरकोनिया आणखी चांगली वीज वाहू देतं. आणि गॅडोलिनियम आहे, जे सीरियात मिसळलं जातं. घन ऑक्साइड घटाच्या तिन्ही मुख्य कृतींची चिमूट एकाच सरकारी आदेशात सापडली. लोक या आदेशाबद्दल बोलले ते मोटारींच्या चुंबकांमुळे. घटवाले कमी, म्हणून त्यांचा आवाजही कमी.

वऱ्हाडाला या सगळ्याचा उपयोग काय, असा प्रश्न अकोल्यातला वाचक विचारेलच, आणि विचारावाही. वीज अधूनमधून जाते, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर चढतो, तेव्हा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्याही दम टाकतात. पण एखाद्या घराला घन ऑक्साइडचा संच घेणं आज शहाणपणाचं नाही. तो थंड असेल तर तापायला तास लागतात. दिवे गेले आणि बटण दाबलं असं त्याचं काम नाही. तो सतत चालता ठेवायचा, आणि त्यासाठी सतत वायू हवा. समृद्धी महामार्गाच्या कडेने नागपूरकडे गेलेली गेलची वायुवाहिनी वऱ्हाडातून जाते, हे खरं. तरी नळाच्या वायूचा भाव आणि ग्रिडच्या विजेचा भाव शेजारी ठेवले तर घरगुती गणित जुळत नाही. जपानने ते जुळवलं ते सरकारी अनुदान देऊन आणि घरात रोज लागणाऱ्या गरम पाण्याचा हिशेब धरून. तिथे २०११ पासून घन ऑक्साइडचे घरगुती संच एने-फार्म या नावाने विकले जातात. अकोल्यात मे महिन्यात गरम पाण्याला गिऱ्हाईक शोधावं लागेल.

वऱ्हाडाकडे दुसरा वायू आहे. कपाशी उलंगली की शेतात पऱ्हाटी उभी राहते. तुरीची तुराटी असते. थोडी चुलीत जाते, बरीच बांधावर पेटवली जाते. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अपारंपरिक ऊर्जा विभागात बायोगॅस आणि पिकांच्या काडीकचऱ्याचा वायू यांवर काम झालेलं आहे. पऱ्हाटी कमी हवेत अर्धवट जाळली की जो वायू निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हेच मुख्य जळाऊ घटक असतात. निम्म्याच्या आसपास नायट्रोजनच. इंजिनात हा दुबळा वायू कुरकुरत चालतो. घन ऑक्साइड घटाला त्यातले दोन्ही घटक चालतात. गोबरगॅसमधला मिथेनही त्याला आत घेऊन फोडता येतो. कागदावर जोडी जमते.

प्रत्यक्षात मध्ये उभं राहतं डांबर. पऱ्हाटीच्या वायूत डांबराची वाफ असते, ती थंड नळीत साचते आणि निकेलवर काजळी धरते. गोबरगॅसमध्ये गंधकाचा वायू असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा, कधी दशलक्षात हजार भागांपर्यंत. घटाला हवा एकाहून कमी. लोखंडाच्या ऑक्साइडच्या गोळ्यांनी आणि त्यामागे सक्रिय कोळशाने तो काढता येतो, युरोपातल्या सांडपाणी प्रकल्पांत काढतातही. पण त्या गोळ्या वेळेवर बदलाव्या लागतात. इंजिन महिनाभर खराब वायू सोसून तेल बदलल्यावर पुन्हा चालेल. चकती एका आठवड्यात गेली तर गेली.

इथे अकोल्याच्याच एका यंत्राचा दाखला उपयोगी पडतो. याच कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल गावोगाव पोचली, बचतगटांनी घेतली, राज्याबाहेरही गेली. तिच्या रोलरचं दगडी आवरण झिजलं तर ते नव्याने चढवता येतं, पट्टा तुटला तर तालुक्याला मिळतो, आणि ती घडवणारे कारखानदार अकोल्याच्याच औद्योगिक वसाहतीत सापडतात. घन ऑक्साइड घटाच्या संचात बिघडलेली चकती बदलायची सोय बहुतेक रचनांत नाहीच. काचेने सांधलेली अख्खी चवड कारखान्यात परत पाठवायची. तो कारखाना ड्रेस्डेनला किंवा कोरियात असेल, तर मोठ्या डेटा सेंटरला ते चालतं, मूर्तिजापूरच्या जिनिंगवाल्याला चालत नाही.

म्हणून वऱ्हाडात हा घट आला तर आधी अशा जागी येईल जिथे वायू रोज मिळतो, तो धुणारा माणूस पगारावर आहे आणि उष्णतेला काम आहे: मोठ्या शहरातला सांडपाणी प्रकल्प, तेलाची गिरणी, किंवा पावसाळ्यात डाळ वाळवायला गरम हवा लागणारी मोठी डाळ मिल. तिथेही पहिला प्रश्न संचाच्या किमतीचा नसेल, गंधक मोजणाऱ्या यंत्राचा असेल. घटाला झेपेल एवढा, दशलक्षात एकाहून कमी गंधक रोज मोजणारं उपकरण आजही प्रयोगशाळेत असतं, गोबरगॅसच्या टाकीशेजारी नसतं.